देणगीचे मुद्दल, व्याज आणि पदवीचा विद्यार्थी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील तरुण मॅट्रिक झाल्यावर पुढे काय करीत असे, याचे उत्तर १९४० पूर्वी सरळ होते. ऐपत असल्यास तो पुण्यास जाई, नसल्यास गिरणीत अगर दुकानात. १९४० साली दयानंद महाविद्यालय आणि १९५३ साली संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाल्यावर घरी राहून पदवी घेणे शक्य झाले. ही महाविद्यालये आरंभी शासनाने काढलेली नव्हती. खाजगी शिक्षणसंस्थांनी लोकांकडून पैसा उभा करून ती चालविली. या काळात सोलापूर प्रथम मुंबई, १९४९ नंतर पुणे, १९६२ पासून शिवाजी आणि २००४ पासून स्वतःच्या विद्यापीठाच्या कक्षेत आले. विद्यापीठे बदलली तरी महाविद्यालयांच्या खर्चाचा प्रश्न कायम राहिला.

देणगी म्हटली की आपल्यासमोर इमारत आणि तिच्यावरील नामफलक उभा राहतो. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली देणगीनंतरच लागले. अशा देणग्यांचे मोल कमी नाही. परंतु इमारत एकदा बांधून होते. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचा खर्च मात्र दरवर्षी नव्याने उभा राहतो.

याचे आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण महिला विद्यापीठाचे आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली ते स्थापन केले, तेव्हा त्याच्या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. वैधानिक दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या पस्तीस वर्षांत विद्यापीठ प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर चालले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ मुंबईस न्यावे, अशीही त्यांची इच्छा होती. १९३६ मध्ये मुख्यालय तेथे हलले. आकडा पंधरा लाखांचा असला, तरी विद्यापीठाला आधार मिळाला तो साडेतीन टक्के दराने येणाऱ्या वार्षिक ५२,५०० रुपयांचा. अध्यापकांचे पगार व दैनंदिन खर्च अशा रकमेतून भागतात. १९२१ साली पाच विद्यार्थिनी पदवीधर झाल्या. संख्या लहान होती, पण त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींसाठी वर्ग चालू राहिले.

दुसरी वाट कर्मवीर भाऊराव पाटील यांची. त्यांच्याजवळ पंधरा लाख देणारा कोणी नव्हता. मूठमूठ धान्याचा मुष्टिफंड आणि पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने यांवर त्यांनी साताऱ्याचे वसतिगृह चालविले, आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने विद्यार्थी स्वतःच्या श्रमानेही शिक्षणात भर घालीत. मूठभर धान्य देणाऱ्या गृहिणीस आपण दाते म्हणत नाही, हे आपले उणेपण होय.

आता अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदांचे वेतन शासन देते व शिक्षण शुल्काच्या सवलतीही आहेत. तरी परीक्षा शुल्क, पुस्तके, मेस आणि बसचा पास हा खर्च उरतोच. प्रस्तुत लेखकाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षी परीक्षा शुल्क अशाच एका लहान निधीने भरले होते. दात्याचे नाव विचारण्याचे त्या वेळी सुचले नाही. काही वर्षांपूर्वी त्या महाविद्यालयात जाण्याचा योग आला, तेव्हा निधी जिवंत होता. वाटप मात्र तेवढ्याच रकमेचे होते. त्यात आता महिन्याचा बस पासही निघत नाही.

असे का होते, ते हिशेबाने पाहू. समजा, कोणी ५०,००० रुपये ठेवले व सहा टक्के व्याज मिळाले. सर्व ३,००० रुपये दरसाल वाटल्यास वीस वर्षांनंतरही मुद्दल व वाटप तेवढेच राहते, महागाई मात्र थांबत नाही. व्याजाचा तिसरा हिस्सा मुद्दलात मिळवीत गेल्यास वीस वर्षांत मुद्दल ७४,००० च्या वर जाते. परंतु पहिल्या वर्षी २,००० रुपयेच वाटता येतात आणि वाटप पुन्हा तीन हजारांच्या जवळ येण्यास ती सारी वर्षे लागतात. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्या ताटातून काढून उद्याच्या विद्यार्थ्यास द्यावयाचे. केवळ व्याज राखून ठेवण्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांनी दरसाल थोडी थोडी भर घालणे अधिक न्याय्य आहे, असे आम्हांस वाटते.

देणगी स्वीकारताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे भान ठेवावे लागते. निधी सुरक्षित ठिकाणी गुंतवावा लागतो व तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करावे लागतात. शर्तीही जपून लिहाव्यात. 'अमुक विषयात प्रथम येणाऱ्यास पारितोषिक' असे लिहिलेला निधी तो विषय बंद झाल्यावर अडकून पडतो. 'पहिल्या वर्षाच्या गरजू विद्यार्थ्यास परीक्षा शुल्क' असे लिहिलेला चालू राहतो. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावातील एखाद्या दात्यास भेटताना हा मसुदा आधीच हाती ठेवावा. संमती मिळाल्यावर शर्त बदलण्यास सांगणे फार अवघड जाते.