गार रस्सा तोंड का भाजतो?

प्रश्न : घरचा सावजी रस्सा पार गार झाल्यावर खाल्ला तरी पुण्याहून आलेल्या जाऊबाईंचं तोंड पोळतं, टाळूवर घाम फुटतो. मला काहीच होत नाही. हा मनाचा खेळ का?
– एक गृहिणी, महाल, नागपूर

उत्तर : खेळ मज्जातंतूंचा आहे. तिखट ही मुळात चव नव्हेच. मिरची चिरलेला हात डोळ्याला लावून बघा, म्हणजे नकाच लावू! डोळ्यात चवीच्या कळ्या नाहीत, तरी आग होतेच. सुमारे ४३ अंशांपुढची उष्णता ओळखणारा एक ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच चिकटतं. मग मेंदूला कळतं ते एवढंच : भाजलं. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारची वर्दी भिवापुरी मिरचीनं दिलेली! म्हणून अंग गार करायला घाम येतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हा ग्राहक १९९७ मध्ये ओळखला; २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

तुम्हाला काही होत नाही, कारण वारंवार तिखट खाऊन हे तंतू बोथट होतात. शिवाय लहानपणापासूनच्या सवयीनं ती आग तुम्हाला धोक्याची वाटत नाही; इथं मात्र मनाचा थोडा हात आहे.

जाऊबाईंना पाणी देऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, नुसतं तोंडभर पसरतं. गरम चहा तर नकोच, त्यानं तोच ग्राहक आणखी चेततो. वाटीभर गार दही द्या.