प्लास्टिकवरील स्टिकरचा चिकटा : माल न बिघडवता कसा काढावा?

कापडाच्या धंद्यात कपड्याइतकेच प्लास्टिकही हाताळावे लागते. साड्यांची कव्हरे, हँगर, शोकेसची अ‍ॅक्रिलिक फळी, कॅल्क्युलेटर, बिलाचे यंत्र, अशा प्रत्येक वस्तूवर कधी किमतीची तर कधी कंपनीची चिठ्ठी लागलेली असते. चिठ्ठी ओढली की कागद निघतो, चिकटा मागे राहतो. त्यावर धूळ बसून तो काळा पडतो आणि नवा माल जुना दिसू लागतो. मग दुकानातला नोकर थिनरची बाटली उचलतो. डाग जातो, पण त्याबरोबर वस्तूही जाते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील लहान दुकानदाराला आणि कारागिराला असे नुकसान परवडणारे नाही. म्हणून या साध्या वाटणाऱ्या कामाची थोडी माहिती आम्ही आज देत आहोत.

चिकटा म्हणजे काय?

आपण कापडाला लावतो ती खळ पाण्यात विरघळते आणि वाळली की कडक होते. स्टिकरचा डिंक तसा नाही. तो रबर व राळ यांच्या मिश्रणाचा किंवा अ‍ॅक्रिलिक जातीचा असतो आणि मुद्दाम न वाळणारा बनवलेला असतो. नुसत्या दाबाने चिकटणे हाच त्याचा गुण. अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप आणि १९३० मध्ये पारदर्शक टेप बनवली. १९३५ मध्ये स्टॅन्टन एव्हरी यांनी आपोआप चिकटणारी लेबले बाजारात आणली. आज आपल्या मालावर दिसणाऱ्या चिठ्ठ्या हा त्यांचाच विस्तार आहे.

हा डिंक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हात डिंक मऊ होऊन पसरतो, आणि महिनोन्‌महिने ऊन खाल्लेला डिंक पुढे कडक होऊन बसतो. मऊ पीव्हीसीच्या कव्हरमधील तेलकट द्रव्य डिंकात उतरते, म्हणून तिथला चिकटा अधिकच लिबलिबीत होतो. चिठ्ठी जितक्या लवकर काढाल तितके काम सोपे.

आधी प्लास्टिक ओळखा

बहुतेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. २, ४ आणि ५ म्हणजे पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन. बादल्या, डबे, बरीचशी पारदर्शक कव्हरे यांत येतात. हे प्लास्टिक सोशीक असते. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ज्याचे कडक, चकचकीत, पटकन मोडणारे हँगर बनतात. ७ मध्ये बाकीचे सगळे येते : अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, तसेच कॅल्क्युलेटरच्या आवरणाचे एबीएस. ३, ६ आणि ७ ही मंडळी नाजूक समजावीत.

आकडा नसेल तर त्याच जातीचा मोडका तुकडा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन तरंगतात. पॉलिस्टायरिन, पीव्हीसी, अ‍ॅक्रिलिक बुडतात. (फुगवलेल्या थर्माकोलला ही परीक्षा लागू नाही.) बुडाले तर नाजूक समजून चालावे, म्हणजे धोका राहत नाही.

काढण्याची रीत

नेहमी सौम्य उपायापासून सुरुवात करावी. पहिल्याने काम झाले तर दुसऱ्याकडे जाऊ नये.

१) चिठ्ठी वर खेचू नये. एक कोपरा सोडवून ती मागे दुमडावी आणि पृष्ठभागाला लागून सावकाश ओढावी. निघत नसेल तर हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात फडके भिजवून पाच मिनिटे ठेवावे. उकळते पाणी नको. पाण्याच्या बाटलीचे पातळ प्लास्टिक त्यात आकसते.

२) उरलेल्या चिकट्यावर ताज्या सेलोटेपचा तुकडा दाबून झटक्याने उचलावा. असे सात-आठ वेळा केले की बराच डिंक टेपबरोबर निघतो. आमचा तजुर्बा असा की ताज्या डागांपैकी निम्मे इथेच संपतात.

३) त्यानंतर तेल. सोयाबीन, शेंगदाणा किंवा खोबरेल तेल बोटाने लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. डिंक फुगून सैल होतो. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरकवावा आणि सुती चिंधीने पुसावा. शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. तेल राहिले तर पुन्हा धूळ धरते आणि पुढची चिठ्ठी चिकटत नाही. हँगरसारख्या कडक प्लास्टिकवर तेल रात्रभर ठेवू नये. तडे जाऊ शकतात. हे काम कापडाच्या गल्ल्यावर न करता दूर करावे, नाहीतर डाग प्लास्टिकवरून थानावर यायचा.

४) तरीही पातळ थर राहिला तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल चिंधीवर घेऊन पुसावे, वस्तूवर ओतू नये. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाच मिनिटे पाहावे. अ‍ॅक्रिलिकला मात्र ते लावू नये. कापलेल्या कडांवर आणि स्क्रूच्या भोकांभोवती केसासारखे तडे पडतात. अ‍ॅक्रिलिकसाठी तेल आणि साबणच बरे. विजेचे यंत्र असेल तर आधी पिन काढावी.

काय वापरू नये

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर व पेट्रोल नाजूक प्लास्टिकला लावू नये. रिमूव्हरमधील अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरिनचा हँगर विरघळवते, कॅल्क्युलेटरवर पांढरा चट्टा पाडते. हेल्मेटच्या बाबतीत तर विशेष जपावे. अनेक हेल्मेटांचे कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचे असते. पेट्रोल-थिनरने ते वरून ठीक दिसले तरी आतून कमकुवत होऊ शकते, आणि ते कळते अपघाताच्या वेळी. तारेची घासणी व ब्लेडही वापरू नये. ओरखडे कायमचे राहतात.

दुसरा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि अगरबत्तीपर्यंत किंवा एखाद्या ठिणगीपर्यंत पोचते. रॉकेल त्यामानाने सुरक्षित असा समज आहे. पण साधारण ३८ अंशांच्या आसपास त्याचीही वाफ पेटण्याजोगी होते, आणि आपला उन्हाळा त्याच्या वर असतो. कापडाने भरलेल्या दुकानात हा जुगार खेळू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलही ज्वलनशील आहे. थोडेच घ्यावे, दार उघडे ठेवावे.

जवसाचे तेल आपल्या भागात घरोघरी माहीत आहे, पण या कामाला ते घेऊ नये. ते वाळून स्वतःच चिकट थर धरते, आणि त्याच्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो. कोणत्याही तेलाच्या चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्या किंवा धुवाव्या. कोणतेही द्रव पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये; तहानलेला माणूस वास घेत बसत नाही.

काय काढू नये

प्रत्येक चिठ्ठी काढण्यासाठी नसते. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार किंमत कमी करण्यासाठी नवी चिठ्ठी लावता येते, पण तिने कंपनीने छापलेली मूळ किंमत झाकता कामा नये. काट्यावरील वैधमापन खात्याची मोहोरही काढू नये. छापील किंमत किंवा तारीख पुसून माल विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि अशा कमाईत बरकत नाही.

शेवटी, चिकटा काढण्यापेक्षा तो लागू न देणे स्वस्त. किमतीची चिठ्ठी वस्तूवर न लावता दोऱ्याच्या टॅगवर लावावी. घाऊक व्यापाऱ्याकडे सहज निघणारी लेबले मागावीत. माल आला की कंपनीची जादा लेबले त्याच आठवड्यात काढून टाकावीत. मे महिन्याची वाट पाहू नये.