पाणी पाजण्याआधी

एप्रिल लागला की दवाखान्यात येणाऱ्या नव्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘डॉक्टर, ऊन केवढं वाढलंय, बाळाला थोडं पाणी सुरू करू ना?’ विचारणारीच्या मागे बहुधा आजी उभी असते आणि उत्तर ‘हो’ येणार याची तिला खात्री असते. बाळ असतं दोन-तीन महिन्यांचं. मी ‘नाही, एक चमचाही नको’ म्हणते, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघतात. पाण्याला नाही म्हणणारी ही कसली डॉक्टर, असं त्यांच्या मनात आलेलं मला दिसतं.

आई-बाबांनो, त्या ‘नाही’मागचं कारण ओपीडीच्या गर्दीत धड सांगता येत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू.

आपल्या रक्तात मिठाचा एक भाग असतो, सोडियम. दर लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट, एवढ्याच अरुंद पट्ट्यात ते राहावं लागतं. आमटीत पाणी वाढवत गेलं की ती अळणी होते, तसं शरीरात गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं आणि ते वेळेत बाहेर पडलं नाही की रक्त अळणी होतं. मग रक्तातलं पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हाताच्या, पायाच्या पेशी फुगल्या तर निभावून जातं. मेंदू मात्र कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नसते. त्यातून मुलांचा मेंदू कवटीच्या मानाने मोठा, म्हणजे त्यांच्याकडे ही जागा आणखी कमी. आधी मळमळ, उलटी, डोकेदुखी. मग गुंगी, असंबद्ध बोलणं. आणि सोडियम फार उतरलं तर आकडी.

धडधाकट मोठ्या माणसाची मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून तयार होत असतात, त्यांना हे काम झेपत नाही. हिशोबच करून बघा. चार किलोच्या बाळाला दिवसभरात वाटी-चमच्याने २०० मिली पाणी पाजलं, तर वजनाच्या प्रमाणात ते साठ किलोच्या माणसाने तीन लिटर जादा पाणी पिण्याइतकं झालं. आपल्या डोळ्यांना ते फक्त एक पेलाभर दिसतं.

आजीची काळजी खोटी नसते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात आपल्याच घशाला कोरड पडते, मग बाळाचं काय होत असेल, हा विचार मायेतूनच येतो. पण अंगावरच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध तर आणखी पातळ असतं, तहान भागवणारं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा दूध मागतं, ते त्याचं पाणी मागणंच समजा आणि पाजा. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते आणि त्यातून उन्हाळा वगळलेला नाही. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याला पाणी पुरतंय. शंका आली तर लंगोट मोजा. पाण्याने भरलेल्या इवल्याशा पोटात दूध मावत नाही, बाळ कमी ओढतं आणि मग आईचं दूधही कमी होत जातं, हा तोटा वेगळाच.

वरचं दूध घेणाऱ्या बाळांचं मला जास्त भय वाटतं. एका पावसाळी रात्री तीन महिन्यांचं बाळ आकडी येत असताना आमच्याकडे आणलं होतं. ताप नव्हता, उलट पाय गार होते, चेहरा किंचित सुजलेला. सोडियम ११७. सलाईन लागलं, आकडी थांबली, मग मी वडिलांना म्हटलं, ‘घरी दूध कसं करता ते मला करून दाखवा.’ त्यांनी बाटलीत दीडशे मिली पाणी घेतलं, डब्यातल्या मापाने पावडर भरली, चमच्याचा काठ बोटाने सपाट केला, टाकली. पुन्हा एक चमचा, पुन्हा बोट फिरवून सपाट. दोन चमच्यांवर थांबून त्यांनी झाकण लावलं. डब्यावरच्या मापाने पाच हवे होते. ‘डबा आठवड्यात संपतो, मॅडम. पगार महिन्याने येतो.’ त्यांना बोल लावावा असं त्यात काहीच नव्हतं. बाळ उपाशी राहू नये म्हणूनच त्यांनी ते पुरवून पुरवून वापरलं होतं. बाळ सुधारलं. सोडियम भराभर चढवताही येत नाही, तसं केलं तर मेंदूला वेगळी इजा होते. थोडं थोडं चढवत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत जावं लागतं.

म्हणून विनंती आहे: डबा परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना, आशाताईंना मोकळेपणाने सांगा. अंगावरचं दूध पुन्हा वाढवता येतं, दुसरे मार्गही काढता येतात. पण पावडर कमी आणि पाणी जास्त, हे करू नका.

आता जुलाबाविषयी. मूल जुलाबाने गळालं की घरातले सगळे त्याला पाणी पाजत सुटतात. पण जुलाबातून पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं. नुसतं पाणी भरलं तर गेलेलं मीठ परत येत नाही आणि उरलेलं आणखी पातळ होतं. तिथे जलसंजीवनीच हवी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात सीमेवरच्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांतून लोकांना प्यायला दिलं. तिथले मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा आम्हा बालरोगतज्ज्ञांना फार बरं वाटलं. त्यांनी ओळखलेली गोष्ट हीच, की पाणी, मीठ आणि साखर एकत्र आणि ठरल्या प्रमाणात गेलं पाहिजे. लिटरची पुडी असेल तर ती आख्खी एक लिटर पाण्यातच घाला. चिमूट पेल्यात टाकायची आणि उरलेली पुडी दुमडून ठेवायची, असं करू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. अंगावर पिणाऱ्या बाळाला जुलाबातही दूध चालूच ठेवायचं असतं आणि सोबत डॉक्टर सांगतील तेवढी जलसंजीवनी.

डेंग्यूतही हेच. ‘पाणी भरपूर पाजा’ हे ऐकून लोक नुसत्या पाण्यावर भर देतात. जलसंजीवनी, भाताची पेज, मीठ घातलेलं ताक, फळांचा रस, दूध असं आलटून पालटून द्या. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांत तर शरीर स्वतःच पाणी धरून ठेवायला लागतं. अशा आजारात मूल नको म्हणत असताना तोंडाला पेला लावणं धोक्याचं ठरू शकतं. किती द्यायचं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या, मिलीमध्ये.

मोठ्या मुलांच्या बाबतीत माझी काळजी निम्म्याहून कमी होते. शाळेत जाणारं निरोगी मूल तहान लागली की पितं, नको असेल तेव्हा थांबतं आणि त्याची मूत्रपिंडं बाकीचं सांभाळतात. शाळांमधली खरी अडचण बहुतेक वेळा उलटीच असते. स्वच्छतागृहं घाण म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने बेजार होतात. हे वाचून कुणी मुलांचं पाणी तोडू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. पण रोज आठ पेले संपलेच पाहिजेत, बाटली रिकामी करूनच घरी यायचं, असा धाकही नको. १९४५ साली अमेरिकेतल्या एका आहारविषयक मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं, आणि त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं हेही तिथेच लिहिलं होतं. हे वाक्य आठ पेल्यांच्या गणतीत हरवलं. वरण, भाजी, ताक, कलिंगड, दूध या सगळ्यात पाणीच असतं. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं आहे. ती सतत पाण्यासारखी पांढरी दिसावी यासाठी पीत राहायची गरज नाही.

चढाओढीत मात्र मोठीसुद्धा जिवाला मुकतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम पातळीखाली गेलेलं होतं, आणि पळून आल्यावर ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त आढळलं. म्हणजे घाम गेला त्याहून जास्त पाणी ते वाटेत प्यायले होते. त्या शर्यतीतली एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता सर्वांत जास्त पाणी कोण पितं अशी स्पर्धा ठेवली. बक्षीस होतं व्हिडिओ गेमचं यंत्र. तीन मुलांची एक आई, वय २८, मुलांना ते मिळावं म्हणून उतरली आणि त्याच दिवशी गेली. तेव्हा वाढदिवसाला, शिबिरात, मोबाईलवरच्या कुठल्या ‘चॅलेंज’मध्ये बाटलीभर पाणी एका दमात पिण्याची पैज लागत असेल, तर ती तिथेच मोडा. पळायला, फुटबॉलला जाणाऱ्या मुलांना सांगा, तहान लागली की प्या, आणि तासन्‌तास खेळ असेल तर सोबत खारं काहीतरी खा.

आणखी दोन ठिकाणी सावध राहा. सोनोग्राफीसाठी ‘लघवी भरून ठेवा’ सांगतात आणि नंबर लागेपर्यंत मूल पीतच राहतं. सांगितलं तेवढंच पाजा. लघवीची भावना झाली की थांबा, उशीर होत असला तरी. दुसरं, झोपेत अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना डेस्मोप्रेसिन नावाची गोळी देतात. ती रात्रभर लघवी कमी करते, म्हणजेच पाणी अंगात धरून ठेवते. गोळीच्या तासभर आधीपासून सकाळपर्यंत, म्हणजे पुढचे आठ तास, पाणी अगदी घोटभर. हे आजीला, पाहुण्यांकडे राहायला पाठवाल तर त्यांनाही सांगायला हवं.

आणि एखादं मूल कुणी न पाजताच घटाघट पाणी पीत असेल, रात्री उठून मागत असेल, लघवीला सारखं जात असेल आणि वजन उतरत असेल, तर पाणी लपवून ठेवू नका. ती मधुमेहाची तहान असू शकते. त्याच दिवशी साखर तपासून घ्या.

एवढं करूनही कधी वेळ आलीच, खूप पाणी प्यायल्यावर मूल ओकायला लागलं, गुंगीत गेलं, वेडंवाकडं बोलायला लागलं किंवा आकडी आली, तर घरी मीठ चाटवत बसू नका, आणखी पाणीही देऊ नका. सरळ दवाखाना गाठा. जाता जाता एकच गोष्ट आठवून ठेवा: गेल्या काही तासांत त्याने काय प्यायलं आणि साधारण किती. उन्हाळ्यात असं मूल समोर आलं की आम्हा डॉक्टरांच्याही मनात आधी ऊन लागणं, मेंदूज्वर येतं आणि सुकलंय समजून सलाईन लावायला हात पुढे जातो. तुम्ही दारातच ‘दोन बाटल्या पाणी प्यायलाय’ म्हणालात, तर पहिली तपासणी सोडियमची होते.