पुडीत काय आहे, ते लिहून द्या

पुण्यात, आमच्या शनिवार पेठेत वैद्याकडे जाण्यात कधी कुणाला काही वेगळं वाटलं नाही. वैद्य प. य. खडीवाले यांचं औषधालय याच शहरातलं. टिळक आयुर्वेद महाविद्यालय 1933 पासून रास्ता पेठेत आहे, जोडीला ताराचंद रुग्णालय. ताप आला की डॉक्टर, खोकला रेंगाळला की वैद्य, ही वाटणी आमच्या आजेसासूबाईंच्या काळापासूनची. आता सरकार आणि विमा कंपन्याही ती मानू लागल्या आहेत. 2014 मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय झालं, एप्रिल 2024 पासून आयुष उपचारांना विम्यात इतर उपचारांच्या बरोबरीची वागणूक मिळू लागली. वैद्यांना 58 शस्त्रक्रियांची मुभा देणाऱ्या 2020 च्या अधिसूचनेवरून आयएमएने आंदोलन केलं, होमिओपॅथांच्या नोंदणीवरून सप्टेंबर 2025 मध्ये राज्यातल्या डॉक्टरांनी संप केला. ही भांडणं चालू राहतील. पण रुग्णाच्या पिशवीत दोन्हीकडची औषधं केव्हाच शेजारी शेजारी येऊन बसली आहेत, आणि ती पिशवी उघडून बघायला मात्र कुणी नसतं.

सासूबाईंना गुडघेदुखी जुनी. ओंकारेश्वराला जाणं बंद झालं तेव्हा ओळखीतून कुणीतरी पत्ता दिला. उपनगरात एक जण ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुड्या देतो, एकदम गुण येतो. तपकिरी भुकटी, पारदर्शक पिशवीला स्टेपलरची पिन, वर नाव नाही, तारीख नाही. सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायची. आठवडा व्हायच्या आत सासूबाईंची काठी कोपऱ्यात गेली. भूक वाढली, चेहरा गोल झाला, शेजारणी म्हणू लागल्या, “काकू, तब्येत काय छान भरलीय!” दंडावर जरा काही लागलं की जांभळे डाग उमटत, ते वयाच्या खात्यावर गेले. साखर चढू लागली, डॉक्टरांनी गोळी वाढवली.

मग हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधीच्या तपासणीत भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “आजी, आणखी कोणतं औषध चालू आहे?”

“नाही हो, औषध असं काही नाही. पुड्या तेवढ्या घेते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग चेहरा निरखला. “घरात असतील तेवढ्या सगळ्या घेऊन या.”

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं तर अगदी तळाला. डॉक्टरांनी समजावलं ते असं: बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. अशा माणसावर शस्त्रक्रियेचा ताण आला तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि घाबरून पुड्या एकदम बंद केल्या तरी तोच धोका. मोजून गोळ्या सुरू झाल्या आणि सावकाश, कित्येक महिन्यांत उतरवत आणल्या. हर्निया त्यानंतर.

मी एक पुडी आमच्या नेहमीच्या वैद्यबाईंकडे नेली. त्यांनी हुंगून पाहिली. “सुंठ आहे, गुग्गुळ आहे. पण गुग्गुळाने आठवड्यात काठी सुटत नाही हो. आमचं औषध इतक्या घाईने काम करत नाही.” भूल देणाऱ्या बाई आणि वैद्यबाई एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत, तरी निदान एकच. पुडीवाल्याला फोन लावला तर घराण्याचं गुपित आहे म्हणे, सांगता येत नाही.

तेव्हापासून पेठेत कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते: पुडीत काय आहे ते लिहून मागा. शिकलेला वैद्य चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक लिहितो. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे त्याची नोंद असते. तयार औषधाच्या डबीवर घटक, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर हवाच. काही विषारी वनस्पती किंवा धातू असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. भस्म आणि रसकल्प, म्हणजे धातूंची औषधं, तर ऐकीव माहितीवर कधीच घेऊ नयेत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

‘वनस्पतीच आहे, त्रास कसला?’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. गुळवेलीचंच बघा. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडलेल्या काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली, फायदा दिसला, 1993 मध्ये तो अभ्यास प्रसिद्धही झाला. आणि त्याच मुंबईत कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, दुसरी सारखी दिसणारी वेल असेल असं म्हटलं. वेल कुठली का असेना, घेणाऱ्याला ती ओळखता आली नव्हती. पहिल्या रुग्णांवर डॉक्टरांची नजर होती, दुसरे आपापल्या घरी ती घेत होते.

नजर असली की आयुर्वेदाचा काय उपयोग होतो, याचा दाखला क्षारसूत्राचा, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याचा. भगंदरावर क्षारसूत्र की शस्त्रक्रिया, अशी तुलना आयसीएमआरने अनेक केंद्रांत केली. क्षारसूत्राने जखम भरायला जास्त वेळ लागला, पण दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी होतं. 1991 साली हे छापून आलं. असा पुरावा असलेला उपचार कुणी सुचवला तर खुशाल घ्या. मधुमेहाची, थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी ‘आता याची गरज नाही’ म्हणून कुणी बंद करायला सांगितलं, तर मात्र ज्याने ती सुरू केली त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. उलट बाजूही तपासा. होमिओपॅथीची पदवी असलेल्याने अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हा निष्काळजीपणाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पूनम वर्मा खटल्यात म्हटलं आहे. महाराष्ट्रात पुढे एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर त्यांना काही मुभा देणारा कायदा झाला, वाद तिथलाच आहे. तेव्हा पाटीवरची पदवी वाचायला लाजू नका.

संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, औषध निरीक्षकाला नमुना घ्यायचा अधिकार आहे. त्यासाठी दोन-चार पुड्या न फोडता, पैसे दिल्याच्या नोंदीसह जपून ठेवाव्यात. रागाच्या भरात आपण त्या कचऱ्यात टाकतो आणि हातात काहीच उरत नाही.

सासूबाई आता वैद्यबाईंचं तेल लावतात, फिजिओथेरपीचे व्यायाम करतात, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच फायलीत ठेवतात. कुरकूर मात्र चालूच असते: “काही म्हण, त्या पुड्यांनी गुडघा काय मोकळा झाला होता!” त्यात त्या खोटं बोलत नाहीत. स्टेरॉइडने दुखणं थांबतंच, म्हणून तर ते भुकटीत मिसळतात.