कॉन्टेक्स्ट कुणाच्या हाती द्यायचा

हे बघ, एखाद्या फंक्शनने कॉन्टेक्स्ट मागितला की हाताशी असेल तो देऊन मोकळा होऊ नकोस. ॲक्टिव्हिटीचा दिलास काय नि ॲप्लिकेशनचा दिलास काय, कंपायलर हूं की चूं करत नाही. बोंब होते ती ॲप चालताना.

स्क्रीनवर जे दिसणार, त्याला ॲक्टिव्हिटीचाच दे. थीम तिच्याकडे असते, विंडोचं टोकनही तिच्याकडेच. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टवर साधा डायलॉग उघडून बघ, बॅडटोकनएक्सेप्शन येऊन ॲप खलास. हे तरी बरं, लगेच कळतं. साधा लेआउट त्यावर इन्फ्लेट केलास तर ॲप चालतं, पण तुझ्या थीमऐवजी सिस्टिमची लागते आणि तू दिवसभर एक्सएमएलमध्ये रंग शोधत बसतोस.

रिसायकलरव्ह्यूच्या ॲडॅप्टरला कन्स्ट्रक्टरमधून कॉन्टेक्स्ट पाठवायची खोड जुन्या कोडमध्ये पदोपदी दिसेल. गरज नाही. ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये पॅरेंट हातात येतोच, त्याचा घे. बाइंड करताना आयटमव्ह्यूचा. क्लिकवर दुसरा स्क्रीन उघडायचाय? ते ॲडॅप्टरचं कामच नाही. त्याला लॅम्डा दे, पुढचं ॲक्टिव्हिटी बघून घेईल.

आणि व्ह्यूकडून मिळालेला कॉन्टेक्स्ट म्हणजे ॲक्टिव्हिटीच, असं धरून सरळ कास्ट करू नकोस. लेआउटमध्ये त्या व्ह्यूला वेगळी थीम लावलेली असली की मध्ये कॉन्टेक्स्टथीमरॅपर येऊन बसतो, आणि मग क्लासकास्टएक्सेप्शन. बेसकॉन्टेक्स्ट विचारत एकेक वेष्टन काढत जा, ॲक्टिव्हिटी सापडेपर्यंत.

ॲक्टिव्हिटीपेक्षा जास्त जगणाऱ्याच्या हाती मात्र ती कधीच द्यायची नाही. सिंगलटन, डेटाबेस यांना ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट. व्ह्यूमॉडेलला शक्यतो कुठलाच नको. फोन आडवा केला की एरवी जुनी ॲक्टिव्हिटी जाऊन नवी बनते, व्ह्यूमॉडेल तेच राहतं. त्याने जुनीचा पदर धरून ठेवला, तर तिच्यासकट व्ह्यूंचा सगळा गोतावळा मेमरीत अडकतो. स्क्वेअरचं लीककॅनरी डीबग बिल्डमध्ये घालून ठेव. कुणी कुणाला धरून ठेवलंय ते साखळीसकट दाखवतं.

फ्रॅगमेंटमध्ये सर्व्हरचं उत्तर यायच्या आत माणूस मागे गेला, तर रिक्वायरकॉन्टेक्स्ट इलीगलस्टेटएक्सेप्शन फेकतो. ट्राय-कॅच लावून झाकपाक नको. व्ह्यूलाइफसायकलओनरच्या स्कोपमध्ये कोरुटिन चालव, व्ह्यू गेला की ती रद्द होते.

कंपोजमध्ये लोकलकॉन्टेक्स्ट आहेच, पण तो कंपोजेबलच्या अंगातच वाचता येतो, ऑनक्लिकच्या लॅम्डात नाही. आधीच व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेव.