दोन वेतांतील अंतर आणि दूध संस्थेचे पासबुक

गावात दूध उत्पादक सहकारी संस्था निघाली, म्हणजे दुधाचा धंदा किफायतशीर झाला, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत असते. संस्थेमुळे एक मोठे काम होते, यात शंका नाही. दूध मापून घेतले जाते, त्यातील स्निग्धांश व इतर घनपदार्थ तपासून त्या मानाने दर दिला जातो आणि ठरलेल्या मुदतीने पैसे हाती पडतात. गुजरातेतील खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदला गेला, त्याच्या मुळाशी हीच तक्रार होती. दूध शेतकऱ्याचे आणि भाव मात्र दुसऱ्याने ठरविलेला, असा तो प्रकार होता. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्याचा संघ १९६३ साली स्थापन झाला.

परंतु संस्था पैसे देते ते लिटरचे. तो लिटर तयार होण्यास गोठ्यात किती वैरण लागली, हे संस्थेच्या मापात दिसत नाही. त्याचा हिशेब शेतकऱ्यानेच ठेवावयास पाहिजे.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाच्या हातूनही एकदा चूक घडली आहे. एका गावच्या संस्थेच्या सभेत दिवसाला सर्वांत अधिक दूध देणाऱ्या म्हशीच्या मालकाचा मी मोठ्या उत्साहाने गौरव केला. पुढल्या वर्षी त्याच गावी गेलो, तेव्हा ती म्हैस गव्हाणीपुढे भाकड उभी होती आणि अद्याप गाभणही नव्हती. मालक काही बोलला नाही. मला मात्र माझे भाषण आठवले.

आता हिशेबासाठी दोन म्हशी घेऊ. पहिली एका वेतात ३०० दिवस सरासरीने ६ लिटर दूध देते, म्हणजे वेताचे १,८०० लिटर. दुसरी तितकेच दिवस सरासरीने ५ लिटर देते, म्हणजे १,५०० लिटर. बाजारात पहिलीला अधिक किंमत येईल हे उघड आहे. पण पहिली ५४० दिवसांनी पुन्हा विते आणि दुसरी ४०० दिवसांनी. आता दोन वेतांमधील सर्व दिवसांवर दूध वाटून पाहावे. पहिलीचे रोजचे ३.३३ लिटर पडते आणि दुसरीचे ३.७५ लिटर. सुमारे तीन वर्षांत, म्हणजे १,०८० दिवसांत, पहिलीपासून ३,६०० लिटर आणि दुसरीपासून ४,०५० लिटर दूध मिळते. कमी दुधाची म्हैस ४५० लिटरने पुढे जाते आणि पारडूही लवकर मिळते.

याशिवाय पहिली म्हैस प्रत्येक वेतामागे १४० दिवस अधिक भाकड राहते. भाकड जनावराला रोज केवळ ७ किलो कडबा घातला असे धरले, तरी त्या दिवसांत ९८० किलो कडबा संपतो. जवळजवळ एक टन वैरण गेली आणि पासबुकात एक ओळही वाढली नाही.

हे १४० दिवस कोठे जातात, हे नीट समजून घेतले पाहिजे. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. तो आपल्याला कमी करता येत नाही. ४०० दिवसांनी पुन्हा वेत हवे असेल, तर व्याल्यापासून ९० दिवसांच्या आत म्हैस गाभण राहिली पाहिजे. वरील उदाहरणातील पहिली म्हैस २३० दिवसांनी गाभण राहिली. माजाचे चक्र साधारणतः २१ दिवसांचे असते. म्हणजे मध्यंतरी सहा ते सात माज वाया गेले. यांतील प्रत्येक वेळी म्हैस माजावर आलीच असेल असे नव्हे. पण पुष्कळदा ती येते आणि आपल्याला कळत नाही.

गाईच्या मानाने म्हशीचा माज मुका असतो. अनेक म्हशी ओरडत नाहीत. माजाची लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसतात आणि उन्हाळ्यात ती आणखीच मंद होतात. वैरणीवरून लक्ष उडणे, दूध एकाएकी कमी होणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, निरणाला सूज येणे व काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट दिसणे, या खुणांवर नजर ठेवावी. बसलेल्या जागी सोट पडला आहे काय, हे शेण काढण्यापूर्वीच पाहावे. ही लक्षणे बहुधा घरातील बाईच्या ध्यानात प्रथम येतात, कारण धार तीच काढते. आमच्या सभांना मात्र पुरुषच बसलेले असतात. ग्रामसेवकांनी ही माहिती गोठ्यात जाऊन, धार काढणाऱ्या व्यक्तीला समक्ष दाखवावी.

सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवून घ्यावे. त्यानंतर २१ दिवसांच्या सुमारास म्हैस उलटते काय हे पाहावे. उलटली नाही म्हणून गाभण आहे असे गृहीत धरू नये. दोन-अडीच महिन्यांनी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. या एका तपासणीचा आळस केल्याने कित्येकांचे अर्धे वर्ष फुकट गेले आहे.

मुळात जनावर माजावरच येत नसेल, तर प्रथम गव्हाणीकडे पाहावे. केवळ कडब्यावर राहिलेली म्हैस व्याल्यावर दुधासाठी अंगातील साठा खर्च करते व माज लांबतो. हिरवी वैरण, दुधाच्या मानाने पेंड किंवा सुग्रास व रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. उन्हाळ्यात दुपारी सावली, भरपूर पाणी आणि अंगावर पाणी मारण्याची सोय करावी. एवढे करूनही व्याल्यापासून तीन महिन्यांत माज न दिसल्यास गर्भाशयाची तपासणी करवावी.

येथे संस्थेचे दुसरे काम सुरू होते. खेडा संघाने दूध संकलनापुरतेच आपले काम मर्यादित ठेवले नाही. पशुवैद्यक सेवा, कृत्रिम रेतन आणि १९६४ साली कंजरी येथे सुरू झालेला पशुखाद्याचा कारखाना ही कामेही त्याने अंगावर घेतली. ज्या संस्थेच्या नफ्यातून फक्त रिबेट वाटला जातो आणि रेतनासाठी माणूस वेळेवर मिळत नाही, तिच्या सभासदांनी वार्षिक सभेत हा प्रश्न अवश्य विचारावा.

घरी दोन-तीन जनावरे असली म्हणजे पासबुकावरून एकेकीचा हिशेब लागत नाही, शिवाय घरी ठेवलेले दूध त्यात येत नाही. म्हणून पासबुकाच्या मागील कोऱ्या पानावर प्रत्येक म्हशीच्या नावाने चार तारखा लिहाव्यात: व्याल्याची, माज दिसल्याची, रेतनाची व आटविल्याची. विण्यापूर्वी दोन महिने म्हैस आटविणे जरूर असल्याने चौथी तारीख रेतनाच्या तारखेवरून आधीच काढता येते. व्याल्यापासून ६० दिवस उलटूनही ज्या म्हशीपुढे माजाची तारीख कोरी आहे, तिची नावे ग्रामसेवकाने दर महिन्याला संस्थेच्या सचिवाच्या मदतीने काढावीत व त्या गोठ्यांवर प्रथम जावे.