कोणतं यंत्र, कोणता प्रश्न

चि. मृण्मयीस,

मधुमेहामुळे होणारे दृष्टिपटलाचे विकार टिपण्याच्या पद्धतींची तुलना तू प्रबंधासाठी घेतलीस, हे चांगलं झालं. पण ओसीटी अँजिओग्राफी वरचढ ठरणार, हे तू आधीच धरून चालली आहेस, तिथे जरा थांब. या यंत्रांचे प्रश्नच निरनिराळे आहेत. १९६१ पासूनच्या फ्लुरेसिन अँजिओग्राफीत शिरेतून रंगद्रव्य टोचतात. कोणती वाहिनी पाझरते आणि कुठे रक्त पोचतच नाही, हे त्यात कळतं. १९९१ मध्ये आलेलं ओसीटी दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा, उभा छेद दाखवतं, त्यामुळे मध्यभागाची सूज मायक्रॉनमध्ये मोजता येते. ओसीटी अँजिओग्राफी रंगद्रव्याविना केशवाहिन्यांचं जाळं थर सुटे करून दाखवते. मात्र ती वाहत्या रक्तपेशींची हालचाल टिपते, म्हणून गळती तिला दिसत नाही. साध्या फंडस कॅमेऱ्यात सूक्ष्म फुगवटे, रक्ताचे ठिपके, नव्या वाहिन्या दिसतात. सपाट फोटोत सूज मात्र दिसत नाही, पिवळ्या कणांवरून तिचा अदमास बांधावा लागतो.

तरीही रोग न जाणवणाऱ्या हजारो लोकांतून धोक्यातले डोळे वेचायचे असतील, तर पहिली पायरी या साध्या फोटोचीच, असं माझं मत आहे. इंग्लंडने २००३ पासून सरकारी मोहिमेत प्रत्येक डोळ्याचे ४५ अंशांचे दोनच फोटो घ्यायला सुरुवात केली. पुढे २००९-१० च्या नोंदी तपासल्या, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकरी वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेह पहिल्या क्रमांकावरून खाली आला होता. श्रेय एकट्या कॅमेऱ्याचं नाही, साखरही तोवर अधिक काटेकोर सांभाळली जाऊ लागली होती. पण या फोटोंमागे दरवर्षी बोलावणं आणि दोष दिसला की लेसरपर्यंत पोचवणं होतं. त्याविना महागडं यंत्रही नुसती चित्रं काढत बसेल.

तू म्हणशील, पडद्याच्या कडेचे दोष दोन फोटोंतून निसटतात, मग २०० अंशांचा कॅमेरा का नको? निसटतात हे खरं. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं, की रंगीत फोटोत कडेला दोष जास्त दिसले म्हणून रोग जास्त वाढला असं नाही. फ्लुरेसिनमध्ये तसे दिसले, तिथे मात्र वाढला. जास्त दिसलं म्हणजे जास्त कळलं, हे गृहीत धरता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: डॉक्टर थोडे, तर स्मार्टफोनवरच्या कॅमेऱ्याला कृत्रिम बुद्धिमत्ता जोडावी. चेन्नईतल्या २०१८ च्या अभ्यासात अशा जोडीने रोग असलेले सुमारे ९६ टक्के लोक पकडले आणि रोग नसलेल्या ८० टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवलं. आकडे आकर्षक आहेत, पण गणित करून बघ. आपल्या देशात चाळिशीपुढच्या मधुमेहींत दर आठांमागे साधारण एकाला हा विकार असतो. १००० जण तपासले तर १२५ रोगी, त्यांतले १२० सापडतील. उरलेल्या ८७५ मधले सुमारे १७५ मात्र विनाकारण पुढे पाठवले जातील. रोजंदारी बुडवून तालुक्याहून जिल्ह्याला गेलेल्यांत निम्म्याहून अधिक जण रिकाम्या हाती परततील, आणि पुढच्या वर्षी बोलावलं तर येतीलच असं नाही. एवढ्यासाठी यंत्र टाकून देऊ नये, पण संशयितांचे फोटो त्याच दिवशी माणसाच्या नजरेखालून जावेत आणि मध्यभागाची शंका असेल त्यांनाच ओसीटीकडे पाठवावं.

तुलनेत आणखी एक जागा फसवी आहे. मोतीबिंदूमुळे किंवा बारीक बाहुलीमुळे धूसर आलेले फोटो पुष्कळजण हिशेबातून वगळतात, आणि मग यंत्र उगाच हुशार ठरतं. वगळू नकोस, फोटो वाचता येत नाही म्हणजे त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं, असंच धरून मोज. ओसीटी अँजिओग्राफीलाही हाच नियम लाव. डोळा जरा हलला तरी तिचं चित्र बिघडतं.

पहिला तक्ता झाला की पाठव. न वाचता आलेल्या फोटोंचा रकाना त्यात असू दे.

तुझा,
काका